चौकटीत सोलापूर कधी येते?

सिद्धेश्वर तलावातले मंदिराचे प्रतिबिंब, भुईकोट किल्ल्याचे बुरूज, इंद्रभुवन इमारतीची नक्षी, गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज. सोलापूरचे फोटो म्हटले की हे हटकून येतात. त्यांवरून शहर ओळखता येते, पण कळत नाही. माझ्या मते रस्त्यावरच्या छायाचित्रात गाव उतरते ते तिथल्या माणसांच्या कामातून.

सोलापूरला हे विशेष लागू पडते, कारण हे शहर कामानेच वाढवले. 1877 साली इथे कापडगिरणी उभी राहिली, पुढे ती ‘जुनी मिल’ झाली. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच रस्त्यावर नांदू लागल्या. मोठ्या गिरण्या बंद पडल्या, तरी पूर्वभागात यंत्रमाग चालू आहेत. त्यांचा खडखडाट फोटोत ऐकू येत नाही. पण कामगाराच्या भुवयांवर साचलेली कापसाची तूस दिसली की तोही जाणवतो.

तिथेच उंबऱ्यात बसून बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कातरलेली पाने आणि तंबाखू. शेजारणीशी बोलतानाही बोटे थांबत नाहीत. नुसती बोटे जवळून टिपली तर ती निपाणीचीही वाटतील. दोन पावले मागे सरून उंबरा, शेजारीण, गल्लीतली तेलुगू पाटी चौकटीत घेतली की फोटो सोलापूरचा होतो.

मात्र त्या बाईला आधी विचारायला हवे. विचारल्याने क्षण निसटतो, अशी तक्रार असते. निसटू द्यावा आणि पुन्हा जावे. गल्ली आपल्याला ओळखू लागली की माणसे कॅमेरा विसरतात, आपल्यालाही ऊन कधी कुठल्या दारात येते ते कळते.

पॅरिसमध्ये छायाचित्रकार यूजीन आत्जे 1927 मध्ये मरेपर्यंत, तीसेक वर्षे, जुन्या गल्ल्या, दुकाने, फेरीवाले टिपत राहिले. त्यातले बरेच पुढे नाहीसे झाले. त्यांचे फोटो आज त्या शहराची स्मृती आहेत.

सोलापुरात आज खिशाखिशात कॅमेरा आहे. तलावाचा फोटो जरूर काढा. मग साखर पेठेत, अशोक चौकात जा. प्रत्येक फोटोसोबत पेठ, तारीख आणि चाललेले काम लिहून ठेवा. माग थांबल्यावर ही नोंद कुणालाच करता येणार नाही.