गंज आणि लोखंड

मराठीत गंज 'चढतो' किंवा 'लागतो'. धूळ बसावी अथवा डाग पडावा, तसा तो बाहेरून येऊन लोखंडावर बसतो, अशी समजूत या क्रियापदांच्या पोटात दडलेली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हवेतील प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने लोखंडाचाच जो भाग पालटतो, त्याला आपण गंज म्हणतो. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत हा पालट अधिक वेगाने होतो. पावसाळा उलटल्यावर माळ्यावरून उतरवलेल्या कोयत्यावर जी तांबूस पूड दिसते, ती जूनमध्ये कोयताच होती. अॅल्युमिनियमवरही हवेने थर जमतो. पण तो घट्ट चिकटून आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवापाण्याच्या स्वाधीन करतो.

हे पदार्थविज्ञान आम्ही येथे मांडतो ते एका प्रश्नासाठी. पाप हे आत्म्यावर बसलेले आवरण आहे, की आपल्यातच झालेली झीज?

जिनोआच्या संत कॅथरीनने (१४४७–१५१०) शुद्धिस्थानाविषयी विवेचन करताना गंजाचीच प्रतिमा योजली. तिच्या मते, झाकलेल्या वस्तूपर्यंत सूर्यकिरण पोहोचत नाहीत, तसा पापाच्या गंजाने झाकलेला आत्मा देवाच्या प्रकाशाला उघडा राहत नाही. गंज जसजसा जळतो, तसतसा तो प्रकाश आत शिरतो. ही प्रतिमा मोठी दिलासा देणारी आहे. ती सांगते की देवाने निर्माण केलेले मूळ रूप खाली शाबूत आहे. परंतु तिच्यावर विसंबून आपण एक सोयीचा निष्कर्षही काढतो: पापनिवेदन केले, आवरण निघाले, सारे पूर्ववत झाले.

गंज काढणाऱ्या फिटरला असे वाटत नाही. वरवरच्या गंजाचे सुटे पापुद्रे तो तारेच्या ब्रशने झाडतो, भाग रॉकेलमध्ये भिजवतो, बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासतो. तेवढ्याने भागले नाही तर काही तास व्हिनेगरमध्ये बुडवतो. मात्र मधून मधून काढून पाहतो, कारण आम्ल गंज खाते तसे चांगले लोखंडही खाते. मग सोड्याच्या पाण्याने धुऊन, लगेच कोरडे करून तेल लावतो. हे 'लगेच' महत्त्वाचे. नुकतेच घासलेले उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा तांबूस होऊ लागते. (झाडून रिकामे ठेवलेल्या घरात दुष्ट आत्मा आणखी सात आत्म्यांना घेऊन परततो, हा प्रभूचा दाखला येथे कोणालाही आठवेल.) पंपाचा शाफ्ट जेथे बेअरिंगमध्ये केसाइतक्या फटीने बसतो, तेथे तो पेपर फारच जपून चालवतो. शाफ्ट चकाकतो, पण सैल होतो. काही भाविक क्षमा झालेले तेच जुने पाप आयुष्यभर घासत बसतात. अनुभवी धर्मगुरू त्यांना थांबवतात, ते याच कारणाने योग्य वाटते.

एवढे करूनही जेथे गंज खोल गेला होता तेथे खड्डे उरतात. कोणताही ब्रश खड्डा भरत नाही. त्यासाठी वेल्डिंगने नवा धातू भरावा लागतो आणि लेथवर तो मापात आणावा लागतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक श्रद्धाग्रंथ हेच वेगळ्या भाषेत शिकवतो: पापमुक्ती पाप दूर करते, परंतु पापाने केलेली सर्व हानी भरून काढत नाही. देवाच्या संदर्भात संत कॅथरीनचे आवरण खरे आहे. शेजाऱ्याच्या संदर्भात फिटरचा खड्डा खरा आहे, असे आम्हांला वाटते.

संत याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, श्रीमंतांच्या सोन्यारुप्याला गंज चढल्याचे म्हटले आहे. सोने गंजत नाही, हे त्याच्या वाचकांनाही ठाऊक असणार. पण लागलीच तो शेत कापणाऱ्या मजुरांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीकडे वळतो. तेथे योजलेल्या मूळ ग्रीक शब्दाचा दुसरा अर्थ 'विष' असा आहे. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तोच शब्द जिभेच्या विषासाठी आला आहे. म्हणजे हा गंज धातूचा नव्हे, दुसऱ्याच्या न दिलेल्या वाट्याचा आहे.

असा वाटा आपल्याही घरांत अडकलेला असतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास मुलगा व मुलगी यांचा हिस्सा समान असतो. तरीही बहिणीकडून हक्कसोड पत्रावर सही घेतली जाते आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावे राहतात. सही राजीखुशीची होती, असे सांगितले जाते. कधी कधी ती तशी असतेही. बहुधा ती माहेर तुटू नये म्हणून दिलेली असते. पुढे भाव वाढतात, जमीन विकली जाते, नवे घर उभे राहते. उपवासकाळात भाऊ मनापासून पापनिवेदन करतो. त्याच्या पश्चात्तापावर शंका घेण्याचे आम्हांला कारण नाही. देवाची क्षमा त्याला मिळते, हीच आपली श्रद्धा आहे.

बहीण मात्र अजून भाड्याच्या खोलीत राहते. जमीन शिल्लक असेल तर तिच्या नावाची नोंद करून देता येते. विकली असेल तर तिच्या हिश्श्याची रक्कम देता येते. एकदम जमत नसेल तर हप्त्याहप्त्याने. जक्कय झाडावरून उतरला तेव्हा त्याने प्रभूसमोर आकडा सांगितला होता: निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट.