रात्रीं वर येणारे

(मननासाठीं : योहान ३ : १–२१)

सूर्य मावळला म्हणजे गुरें गोठ्यास लागतात, पाखरें घरट्यांत शिरतात आणि मनुष्य दिवसाचें काम टाकून घराची वाट धरितो. परंतु त्याच घटकेस समुद्रांत एक विलक्षण प्रवास सुरू होतो. दिवसभर शेंकडों मीटर खोल काळोखांत राहिलेले असंख्य जीव वर चढूं लागतात. त्यांत मुंगीहून लहान कवचधारी प्राणी असतात, कोळंबीसारखे क्रिल असतात, अंगावर मिणमिणते ठिपके असलेले बोटाएवढे मासे असतात. रात्रभर ते पृष्ठभागाजवळ चरतात आणि तांबडें फुटण्यापूर्वीं पुनः खोल उतरतात. हें प्रत्यहीं, सर्व महासागरांत घडतें. आमच्या अरबी समुद्रांतही घडतें. वजनाच्या मानानें पाहिल्यास भूतलावर ह्याहून मोठें स्थलांतर दुसरें नाहीं.

तीन मिलिमीटर लांबीचा जीव ३०० मीटर वर चढतो, तेव्हां तो आपल्या अंगाच्या एक लक्ष पट अंतर तोडतो. साडेपांच फूट उंचीच्या मनुष्यास ह्या हिशेबानें रोज संध्याकाळीं १६० किलोमीटरांहून अधिक चालावें लागेल, आणि पहाटेपूर्वीं तितकेंच परत यावें लागेल. एवढे कष्ट कशासाठीं? अन्नासाठीं. समुद्रांतील सूक्ष्म वनस्पति सूर्यप्रकाशावर वाढतात, म्हणून त्या वरच्या थरांतच असतात. परंतु जेथें प्रकाश तेथें शत्रूचे डोळेही असतात. दिवसां वर गेलेला जीव माशाच्या तोंडीं पडतो. ह्याकरितां तो रात्रीची वाट पाहतो. खग्रास सूर्यग्रहणानें भर दिवसां अंधारलें, तरीही हे जीव वर सरकूं लागलेले दिसले आहेत. भूक त्यांस वर आणिते. भय त्यांस खालीं नेतें.

ही गोष्ट मनुष्यास उशिरा उमगली. गोड्या पाण्यांतील जलपिसवांचें असें येणें-जाणें फ्रान्सचे प्राणिशास्त्रज्ञ ज्यॉर्ज क्युव्हिए यांनीं १८१७ सालीं नोंदिलें होतें. परंतु भरसमुद्रांत काय चाललें आहे, ह्याचा सुगावा दुसऱ्या महायुद्धांत लागला. १९४२ सालीं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढें, पाणबुड्या शोधण्यासाठीं पाण्यांत ध्वनि सोडून प्रतिध्वनि ऐकण्याचे प्रयोग चालले होते. तेव्हां सुमारें ३०० ते ५०० मीटर खोलीवरून प्रतिध्वनि परत येऊं लागला. जणूं तेथेंच समुद्राचा तळ आहे! खरा तळ फार खालीं होता. १९४५ सालीं मार्टिन जॉन्सन ह्या प्राणिशास्त्रज्ञांनीं अहोरात्र लक्ष ठेवून पाहिलें, तों तो ‘तळ’ संध्याकाळीं वर आला आणि पहाटे खालीं गेला. तळ कधीं चालतो काय? ते जिवंत प्राण्यांचे थवे होते.

बंधुभगिनींनो, मनुष्यांचें मोजमाप आम्ही असेंच करीत नाहीं काय? “ह्याचा तळ लागला, ह्यांत आतां कांहीं नाहीं,” असें म्हणून आम्ही मोकळे होतों. परंतु आम्हीं त्यास दिवसांच पाहिलेलें असतें.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायांत निकदेम प्रभूकडे रात्रीं आला असें सांगितलें आहे. त्याच अध्यायांत पुढें, दुष्कर्में उघडीं पडूं नयेत म्हणून प्रकाश टाळणाऱ्यांस कडक इशारा आहे. मग निकदेम त्यांतलाच काय? नाहीं. काळोख दोघेही शोधतात. एक पाप झांकावयास, दुसरा भाकर मिळवावयास. प्रभूनें निकदेमास “दिवसां ये” म्हणून परत लाविलें नाहीं. त्याच रात्रीं त्यास शिकविलें.

आमच्या मंडळ्यांतही असे लोक येतात. भजन सुरू झाल्यावर दाराशीं बसतात आणि आशीर्वादापूर्वीं उठून जातात. कोणास भाऊबंदांचें भय, कोणास मालकाचें, कोणास जुन्या अपकीर्तीची लाज. आम्ही लगेच विचारतों, “रविवारीं सकाळीं कां दिसला नाहींत?” उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत केलेल्या आणि २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत असें आढळलें कीं, रात्रीं जहाजाचे दिवे लागले म्हणजे २०० मीटर खोलीपर्यंतचे जीव बिचकतात. वाट दाखविण्यासाठीं दिवा धरणें निराळें आणि तोंडावर दिवा रोखणें निराळें. आमच्या अशा दिव्यानें किती भुकेले दारांतून परत गेले, ह्याचा जाब आम्हांस द्यावा लागेल.

आणि रात्रीं येणाऱ्या मित्रा, तुलाही एक शब्द. हे जीव वर खाल्लेलें पोटांत घेऊन खालीं उतरतात. त्यामुळें सूर्यकिरण जेथें पोंचत नाहीं, तेथील प्राण्यांसही अन्न मिळतें. निकदेमानेंही त्या रात्रीचें अन्न एकट्यापुरतें ठेविलें नाहीं. सातव्या अध्यायांत, अधिकारी प्रभूस दोषी ठरवूं पाहत असतां, आधीं त्याचें ऐकून घ्यावें, असें तो बोलला. बोल थोडके, पण ते काळोखांत उतरले.

समुद्रांतील जीवास मात्र पहाट होतांच पळावेंच लागतें. तो त्याचा जन्माचा नियम आहे. तुझा तसा नाहीं. एकोणिसाव्या अध्यायांत, प्रभू वधस्तंभावर मरण पावल्यावर, बहुतेक शिष्य पांगले असतां, निकदेम सुगंधी द्रव्यें घेऊन आला. तोच, जो पूर्वीं रात्रीं आला होता! ह्या वेळीं तो लपून आला नाहीं. त्या एका रात्रीं कोणीं त्यास दारांतून हांकलून दिलें असतें, तर त्या दिवशीं तो तेथें असता काय?

म्हणून येत्या सभेंत कोणी उशिरा येऊन दाराशीं बसला, तर वडीलजनांनीं चटई सरकवून त्यास जागा द्यावी आणि त्याचें नांव-गांव त्या वेळीं विचारूं नये. तो भुकेला आहे, एवढें पुरे. प्रभू आम्हांस वाढणाऱ्याचे हात देवो, आणि भिणाऱ्यांस त्याच्या वेळीं उजेडाचें धैर्य देवो. आमेन.