काळ आणि अपराध

दुःखावर काळासारखें औषध नाहीं, असें आपल्यांत म्हणतात. आणि तें बव्हंशीं खरेंहि आहे. परंतु जें दुःखाचें औषध तेंच अपराधाचेंहि औषध असूं शकेल काय? वर्षें लोटलीं, साक्षीदार पांगले, अपराध्याचे केस पांढरे झाले, म्हणजे त्याच्या कृत्याचा भारहि हलका होतो काय? या प्रश्नाचा विचार केवळ तर्कानें करण्यापेक्षां एका घडलेल्या प्रकरणाच्या आधारें करणें बरें.

इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरीं १८ नोव्हेंबर २००५ रोजीं एका प्रवास-कचेरीवर दरोडा पडला. वर्दी मिळतांच शॅरन बेशेनिव्हस्की व टेरेसा मिलबर्न या दोघी पोलीस शिपाई तेथें धांवल्या. दोघींपैकीं एकीजवळहि बंदूक नव्हती. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. मिलबर्न जखमी होऊन वांचल्या, बेशेनिव्हस्की प्राणास मुकल्या. त्यांचें वय ३८ होतें, नोकरी अवघी ९ महिन्यांची. आणि त्या दिवशीं त्यांच्या धाकट्या मुलीचा चौथा वाढदिवस होता. दरोडेखोरांच्या हातीं ५,४०५ पौंड लागले.

या प्रकरणांतील सहाजणांना २००९ पर्यंत शिक्षा झाल्या. त्यांपैकीं एकास तर सोमालियांतून आणावें लागलें. सातवा, पिरान दित्ता खान, पाकिस्तानांत निघून गेला. ब्रिटन व पाकिस्तान यांच्यांत आरोपी स्वाधीन करण्याचा करार नाहीं. तरीहि २०२० मध्यें तो तेथें पकडला गेला, २०२३ मध्यें इंग्लंडांत आणला गेला, आणि एप्रिल २०२४ मध्यें लीड्स येथील न्यायालयांत ज्यूरीनें त्यास खुनाबद्दल दोषी ठरविलें. तेव्हां तो ७५ वर्षांचा होता. त्यास जन्मठेप झाली. निदान ४० वर्षें तुरुंगांत काढलीं पाहिजेत, असा निर्णय न्यायाधीशांनीं दिला.

या निकालावर दोन आक्षेप सहज सुचतात. पहिला असा कीं, गोळी खाननें झाडलीच नव्हती. तो बाहेर मोटारींत बसून टेहळणी करीत होता. आपलें येणें वसूल व्हावयाचें आहे, एवढेंच आपणांस ठाऊक होतें, असें त्याचें म्हणणें. परंतु टोळींत ती कचेरी एकट्या त्याच्याच परिचयाची होती. आणि ज्यूरीला त्याचें म्हणणें पटलें नाहीं. बेत आपला व हात दुसऱ्याचा, अशी जबाबदारीची वांटणी एकदां मान्य केली, तर जो अधिक चतुर तोच अधिक निर्दोष ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. पंचाहत्तरीच्या म्हाताऱ्यास ४० वर्षें कोंडण्यांत सूडापलीकडे काय साधतें? शिक्षेनें मनुष्य सुधारावा हा हेतु येथें लंगडा पडतो, हें कबूल केलें पाहिजे. तथापि पश्चात्तापांत काढलेला काळ आणि लपण्यांत काढलेला काळ यांची किंमत एक धरतां येत नाहीं. जो आपण होऊन न्यायासनासमोर येतो, त्याच्या पांढऱ्या केसांनीं दया मागावी; ज्याला धरून आणावें लागतें, त्याचें वार्धक्य हें त्याच्या सुटकेचेंच फळ होय. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्याचा घात झाला त्याचा. येथें ती व्यक्तीच उरलेली नाहीं. तिच्या वतीनें क्षमा करण्याचें मुखत्यारपत्र काळाला कोणीं दिलें?

तथापि एक अवघड गोष्ट दृष्टिआड करतां येत नाहीं. राज्यसंस्था आपल्या एका शिपाईबाईसाठीं १८ वर्षें जागी राहिली. इतरांसाठीं ती तितकीच जागते काय? डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटून हजारों माणसें मेलीं. कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन यांना अटक झाली, जामीन मिळाला, व ते देश सोडून गेले. १९९२ मध्यें न्यायालयानें त्यांना फरारी ठरविलें. त्यांना स्वाधीन करण्याची भारताची मागणी अमेरिकेनें २००४ मध्यें नाकारली. २०१४ मध्यें ते वारले. दोन्ही प्रकरणें सारखीं नाहींत: शस्त्रें घेऊन घातलेला दरोडा वेगळा, कारखान्याच्या कारभाराची जबाबदारी वेगळी. परंतु जेथें करार नव्हता तेथून आरोपी आला, आणि भारत व अमेरिका यांच्यांत करार असून तेथून आला नाहीं, हें लक्षांत घेतलें पाहिजे. अँडरसन दोषी होते कीं निर्दोष, याचा निवाडा आतां कोणतेंच न्यायालय करूं शकणार नाहीं. तो न होणें हा मेलेल्यांवर अन्याय आहे. आणि ते निर्दोष असल्यास त्यांच्यावरहि आहे.

म्हणून दीर्घ पाठलागाचें समर्थन सूडाच्या भाषेंत करण्याचें कारण नाहीं. काय घडलें व कोणामुळें घडलें, हें उघड्या न्यायालयांत साक्षीपुराव्यानें ठरावें, हें सकाळीं कामावर जाऊन परत न आलेल्या प्रत्येक माणसाचें समाजाकडे येणें आहे. तो माणूस वर्दींतला असो वा कारखान्याशेजारच्या झोंपडींतला, या येण्याला मुदत नाहीं. ब्रॅडफर्डच्या त्या मुलीचें वय निकालाच्या वेळीं २२ वर्षांचें होतें. आई तिला परत मिळाली नाहीं. परंतु तिच्या आईचा हिशेब अर्धवट टाकून कोणी उठून गेलें नाहीं, एवढें तिला कळलें.