मृत्युपत्र, प्रोबेट आणि ओसरती क्षमता

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातील कलम २१३ वगळले आणि प्रोबेटची जुनी सक्ती संपुष्टात आली. मृत्युपत्र मृताचेच असून ते विधिवत झालेले आहे, अशी खातरजमा करून न्यायालय जो दाखला देते त्याला प्रोबेट म्हणतात. ज्या मृत्युपत्रांना हे कलम लागू होते, त्यांच्या बाबतीत असा दाखला मिळेपर्यंत निष्पादकाला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्याच्यावर सोपवलेली असते त्याला, किंवा लाभार्थ्याला आपला हक्क न्यायालयात प्रस्थापित करता येत नसे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु तिने एक ओझे उतरवताना एक जबाबदारी नागरिकावर टाकली आहे, आणि ती पेलण्यासाठी लागणारी कायदेशीर साधने मात्र अजून अपुरी आहेत.

हा बदल भोपाळच्या गोविंदपुऱ्यासारख्या वसाहतीत विशेष जाणवणारा आहे. १९५६ साली स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे पुढे ‘भेल’मध्ये विलीन झालेल्या कारखान्याच्या आधाराने येथे जी वस्ती उभी राहिली, तीत देशाच्या अनेक भागांतील कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही स्थिरावली. अशा कुटुंबातील निवृत्त गृहस्थाचे भोपाळमध्ये घर आणि मुंबईत वडिलार्जित सदनिका असेल, तर एकाच मृत्युपत्राला आजवर दोन नियम लागत. १८७० च्या हिंदू मृत्युपत्र कायद्याची व्याप्ती तत्कालीन बंगाल प्रांत आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरती होती, ती चौकट १९२५ च्या कायद्यानेही स्वीकारली आणि नबाबांचे भोपाळ संस्थान तिच्या बाहेर राहिले. त्यामुळे भोपाळच्या घराला प्रोबेट लागत नसे, मुंबईच्या सदनिकेला मात्र लागे. शिवाय ही सक्ती हिंदू, बौद्ध, शीख, जैन आणि पारशी यांच्यापुरती होती, मुसलमानांना ती नव्हती. वसाहतकालीन नकाशावर आणि धर्मावर आधारलेला हा भेद टिकवण्यास कोणतेही सबळ कारण उरले नव्हते.

तथापि प्रोबेटची सक्ती गेली म्हणून पुराव्याची गरज गेली, असे नाही. वारसांना नोटीस देऊन, साक्षीदार तपासून होणारी ती छाननी एका अर्थाने आपोआप घडत असे. यापुढे वाद उपस्थित झाल्यावरच ती होईल, आणि तोवर बोलू शकणारा मुख्य माणूस हयात नसेल. १९५८ साली एच. वेंकटचल अय्यंगार खटल्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी हीच अडचण केंद्रस्थानी ठेवली. थरथरती सही, दुर्बळ झालेले मन, जवळच्या वारसांना अकारण वगळणारी वाटणी, किंवा ज्याला लाभ मिळतो त्यानेच दस्त करवून घेण्यात घेतलेला पुढाकार, अशा संशयास्पद परिस्थितीचे निराकरण करण्याचा भार मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असतो, हे त्या निकालाने स्पष्ट केले. अधिनियमाचे कलम ५९ सुदृढ मनाची अट घालते, तर कलम ६३ किमान दोन साक्षीदारांची. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणीच्या शिक्क्याने मानसिक क्षमता सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांना लाभ नाही असे साक्षीदार आणि त्याच दिवसाचा वैद्यकीय दाखला यांना आता अधिक महत्त्व येईल.

नामनिर्देशनाने मृत्युपत्राचे काम भागते, हा समजही न्यायालयाने दूर केला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या इस्टेटीसंबंधीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये असे ठरवले की, समभाग व तत्सम गुंतवणुकीतील नामनिर्देशित व्यक्ती त्यांची अंतिम मालक होत नाही, तिने ती वारसाहक्काच्या कायद्यानुसार हक्कदारांकडे सोपवायची असते.

खरा पेच मात्र मृत्यूच्या आधीच्या काळाचा आहे. स्मृतिभ्रंश झालेला माणूस अनेक वर्षे जगतो. त्या काळात त्याचे निवृत्तिवेतन, औषधोपचार, घरपट्टी आणि ठेवी यांचे निर्णय कुणी घ्यावेत, याचे सरळ उत्तर भारतीय कायद्यात नाही. मुखत्यारपत्र येथे निरुपयोगी ठरते, कारण भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यार नेमणाऱ्याचे मन विकल होताच मुखत्यारी संपते, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी ती हातातून निसटते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या उपचारविषयक निर्णयक्षमतेला योग्य प्रतिष्ठा दिली, आगाऊ निर्देश देण्याचा हक्कही दिला, पण मालमत्तेबाबत ती जागा रिकामी ठेवली. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांच्यासाठी पालक नेमतो, परंतु वार्धक्यातील स्मृतिभ्रंश त्यात येत नाही. मग उरतो तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील उच्च न्यायालयाचा असाधारण अधिकार, आणि त्यासाठी गोविंदपुऱ्यातील वृद्धेला सुमारे तीनशे किलोमीटरवरील जबलपूर गाठावे लागते.

विश्वस्तव्यवस्था हा एक मार्ग आहे. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाखाली सक्षम असतानाच मालमत्ता विश्वस्तांकडे सोपवली, तर मालकाचे मन पुढे विकल झाले तरी व्यवस्था खंडित होत नाही. अपंग अपत्य असलेल्या पालकांसाठी ती विशेष उपयोगी आहे. परंतु नोंदणी, मुद्रांकशुल्क आणि विश्वासू माणसे यांची जुळवाजुळव सर्वांना शक्य नसते. म्हणूनच अनेक जण घर मुलांना बक्षीसपत्राने देऊन मोकळे होतात. सांभाळाची अट मोडली गेल्यास २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ असे हस्तांतरण रद्द करू देते, आणि जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका आईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ते उदारपणे लावले. पण हा उपाय फसवणूक झाल्यानंतरचा आहे.

इंग्लंड व वेल्समध्ये २००५ च्या मानसिक क्षमता कायद्याने, क्षमता गेल्यावरही टिकणारी नोंदणीकृत मुखत्यारी मान्य केली. असा अधिकार येथे दिल्यास नातेवाईक त्याचा गैरवापर करतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण आज कायद्याच्या अभावी एटीएम कार्ड आणि कोऱ्या धनादेशांच्या आधारे जी अनौपचारिक मुखत्यारी चालते, तिच्यावर कुणाचीच देखरेख नाही. संसदेने टिकाऊ मुखत्यारीला मान्यता द्यावी, नोंदणीच्या वेळी स्वतंत्र वैद्यकीय तपासणी सक्तीची करावी, मुखत्याराला दरवर्षी हिशेब सादर करायला लावावा, घर विकण्यासारख्या निर्णयास जिल्हा न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवावी, आणि अशी मुखत्यारी नसलेल्यांसाठी पालक नेमण्याचा अधिकारही त्याच न्यायालयाला द्यावा. मृतांच्या कागदांवरील अनावश्यक अट काढण्याची तत्परता संसदेने दाखवली आहे. जे अजून जगत आहेत पण स्वतःचे हित राखू शकत नाहीत, त्यांचा हक्क तितक्याच तत्परतेचा अधिकारी आहे.