वाघबारस

दिवाळीचा पहिला दिवा आपण वसुबारसेला लावतो, गाय-वासराला ओवाळतो. त्याच दिवशी अकोले-इगतपुरीकडच्या डोंगरांतले महादेव कोळी वाघबारस पाळतात. ज्याच्या भयाने गुरे राखायची, त्या वाघोबाचीच पूजा! शहरातल्या माणसाला हा भाबडेपणा वाटेल. मला मात्र त्यात मोठे शहाणपण दिसते. वाघ नको, असे ते मागणे नाही. वाघही असो आणि माझी गायही असो, असे ते मागणे आहे.

रान राखण्याची दुसरीही एक रीत आहे. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोनचे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि थोड्याच वर्षांत तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शोशोनी लोकांना बाहेर काढण्यात आले. पुढे १९६४ च्या तिथल्या कायद्याने तर अरण्यात माणूस हा केवळ पाहुणा, असे ठरवूनच टाकले. हा विचार आपल्याकडेही रुजला. मेळघाटात १९७४ साली व्याघ्रप्रकल्प झाला. कालांतराने तिथली काही कोरकू गावे उठली. राहणारे बाहेर गेले, आणि जीपगाडीतून वाघ पाहायला जाणारे आपण आत!

कोणी म्हणेल, वाघाला निवांत जागा नको का? हवीच. कुऱ्हाड मोकाट सुटली तर रान उरत नाही, हे मी नाकारीत नाही. पण बंधन असावे की नसावे, हा वादच नव्हे. ते कोणी कोणावर घालायचे, हा खरा प्रश्न आहे. कित्येक देवरायांतली वाळकी काटकीसुद्धा गावाने कधी उचलली नाही. पण तो निर्बंध गावाने स्वतःवर घातलेला होता. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे काय तोडायचे नि काय राखायचे, हे ग्रामसभा एकमताने ठरवते.

२००६ चा वनहक्क कायदा सांगतो की, वन्यजीवांसाठी गाव हलवायचे तर आधी ग्रामसभेची लेखी संमती हवी. पण 'नाही' म्हणण्याची मोकळीक असेल, तरच 'हो'ला संमती म्हणावे. वाघ जगावा ही इच्छा तुमची-माझी. गाय जाते ती त्याची, घर उठते ते त्याचे. त्याला न विचारता आपण वाघ वाचवला, तर ते पुण्य कसले? ते हलवायाच्या घरावर ठेवलेले तुळशीपत्र!