कपोताची गोष्ट

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यातला आठवा कपोत. पिल्लं जाळ्यात सापडली, मादी झेपावली, मागोमाग कपोतही. पारध्याला आयतीच शिकार. अतिस्नेह नको, हा बोध.

मांडवीच्या जेटीवर नातीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आबा, मी जाळ्यात सापडले तर तू येणार नाहीस?" जन्मभर बँकेत हिशोब जुळवले, हा काही जुळेना. म्हटलं, "येईन गं, पण येताना काय आणू?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "कोयती. नि शेजारच्या काकांनाही हाक मार."

बोध सांगून मोकळं व्हायची आपली सवय. मुलांना विचारायला जागाच ठेवत नाही. घरी परतताना तिनं आणखी विचारलं, "पारध्याची मुलं उपाशी होती का?" त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.