पुढचा ब्रेक कोणत्या हाती?

सायकलच्या दुकानात एक वडील मुलीला नवी सायकल घेऊन देत होते. पैसे मोजता मोजता म्हणाले, ‘उजवा ब्रेक दाबायचाच नाही बरं का, तोंडावर आपटशील.’ दुकानदारानेही मान डोलावली. हे वाक्य आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि दर वेळी ते माझ्या डोक्यात जातं. सायकल खरोखर थांबवतो तो पुढचा ब्रेक, आणि तोच वापरायचा नाही असं शिकवून आपण मुलांना रहदारीत सोडतो.

ब्रेक लावला की भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि लगेच घसरू लागतं. हे शाळेतलं विज्ञान आहे, त्यावर थांबत नाही. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने चाललेली सायकल नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला साधारण ६ मीटर घेते. पुढचा नीट वापरला तर ३ मीटर पुरतात. समोरची रिक्षा एकाएकी थांबते तेव्हा सगळा प्रश्न या मधल्या ३ मीटरांचाच असतो.

वेग आवरणं आणि थांबणं या दोन निराळ्या क्रिया आहेत, असं मी सायकल शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. ओल्या वळणावर, खडीवर, वाळू सांडलेल्या रस्त्यावर वेग आवरायचा असतो. तिथे मागचा ब्रेक बरा, कारण मागचं चाक थोडं घसरलं तरी सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. पण गाड्यांच्या मधून पोर धावत आलं तर थांबायचं असतं, आणि ते काम पुढच्या ब्रेकचं.

मग तो कोणत्या हाती असावा? आपल्याकडे उजव्या, इंग्लंडमध्येही उजव्या. अमेरिकेत मात्र सायकलींच्या सुरक्षा नियमांनीच पुढचा ब्रेक डाव्या हाती ठेवला आहे. तिकडून आलेले माझे एक नातेवाईक सायकलही सोबत घेऊन आले, आणि तीच पद्धत शहाणपणाची, असं ते हिरिरीने सांगतात. त्यांचं म्हणणं असं की उजव्या हातात जोर जास्त. घाबरलेला माणूस जोराच्या हाताने करकचून दाबतो आणि हँडलवरून पुढे जातो, म्हणून हा ब्रेक दुबळ्या हाताकडे द्यावा.

मला हे मुळीच पटलं नाही. पुढच्या ब्रेकला जोरापेक्षा अंदाज लागतो: किती दाबायचं, केव्हा सैल सोडायचं. ज्या हाताने आपण सही करतो, सुईत दोरा ओवतो, त्यालाच तो अंदाज अधिक. शिवाय आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जातो. उजवीकडे वळताना उजवा हात बाहेर काढतो, तेव्हा हँडलवर डावा एकटाच उरतो. एका हातावर तोल असताना पुढचा ब्रेक जोरात लागला तर सगळा भार त्या हातावर येऊन हँडल फिरतं. म्हणून त्या हाताकडे मागचाच ब्रेक हवा. अमेरिकेत रहदारी उजवीकडून, तेव्हा त्यांचा हिशेब उलटा, हे मी मान्य करतो. पण त्यांच्याच देशात मोटारसायकलचा पुढचा ब्रेक उजव्या हाती असतो. त्याचं काय, असं विचारलं तर नातेवाईक विषय बदलतात.

इथे जरा आडवाट. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असत. पावसाळ्यात लोखंडी रिम भिजली की मूठ आवळून आवळून हात भरून येई आणि चाक तरी फिरतच राही. ‘जोराचा हात’ हा मुद्दा त्या काळी खरा होता. आताच्या वायरच्या किंवा डिस्क ब्रेकला दोन बोटं पुरतात.

आणि हेच कबूल केलं की माझा अंदाजाचा मुद्दाही अडचणीत येतो. तो खरा धरला तर डावखुऱ्या मुलांच्या सायकलींचे ब्रेक उलटे करून द्यायला हवेत. तसं लिहायचंच मी ठरवलं होतं. पण तबल्याकडे पाहा: उजव्या हाताच्या वादकाचा डावा हात डग्ग्यावर किती नाजूक दाब देतो! हाताला जे काम द्यावं ते तो शिकतो. शिकलेलं विसरायला मात्र त्याला फार वेळ लागतो, आणि अपघाताच्या क्षणी हात डोक्याला विचारत नाही. डावखुरी मुलगी उद्या मैत्रिणीची सायकल घेईल, परवा आईची स्कूटर. त्या सगळ्यांचा पुढचा ब्रेक उजवीकडेच असणार. तेव्हा कोणता हात अधिक लायक, हा प्रश्न मी सोडून दिला आहे. सगळ्यांचा हात एकच असावा, एवढंच महत्त्वाचं. पुढचा ब्रेक आपल्याकडे उजवीकडे आहे, तर तो डावखुऱ्यांसाठीही तिथेच राहू द्यावा.

भीतीचं काय करायचं? १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना २०१९ पासून एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. एकत्रित ब्रेकच्या स्कूटरवर डावी मूठ दाबली की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. चालक पुढचा ब्रेक टाळतो, हे धरूनच ही सोय केलेली आहे. सायकलला अशी सोय नाही. तिथे माणसालाच शिकावं लागतं.

म्हणून पालकांना विनंती आहे. मुलांना मोकळ्या मैदानावर न्या. हात ताठ, अंग किंचित मागे, दोन्ही ब्रेक एकत्र आणि पुढचा हळूहळू वाढवत, असा सराव करून घ्या. परदेशातून आणलेल्या सायकलीचे ब्रेक दुकानात बदलून घ्या. आणि दुसऱ्याच्या सायकलीवर बसण्याआधी ती हाताने ढकलत उजवा ब्रेक दाबून पाहा, कोणतं चाक अडतंय ते.